आधी कागद, मग फोन

पोरी,

वनखात्यात चितळाच्या शिकारीची केस धरलीस, ती दाबायला पुढाऱ्याचा फोन आला, म्हणून पाठवलेला तुझा बदलीचा अर्ज मिळाला. ‘सर, भाषा तपासून द्या’ म्हणतेस. भाषा ठीक आहे, अर्ज चूक आहे.

फोनवरचा माणूस ‘सोडून द्या’ असं कधी म्हणत नाही, हे एव्हाना कळलंच असेल. तो म्हणतो, ‘मॅडम, रानडुक्कर लिहा ना.’ चितळाचं रानडुक्कर करायला फक्त शाई लागते. नाहीतर म्हणतो, ‘गाडी तेवढी दाखवू नका.’ शिकारी पोरांची त्याला फिकीर नसते, जीप ज्याच्या नावावर आहे त्याची असते.

पंचनामा अर्धवट टाकून तू तो फोन उचललास. पुन्हा असं करायचं नाही. आधी कागद, मग फोन. पीओआरला, म्हणजे वनगुन्ह्याच्या प्राथमिक अहवालाला, नंबर पडला, पंचांच्या सह्या झाल्या, मांसाचा नमुना पंचांसमोर सीलबंद झाला, की मग खुशाल बोल. नमुना हैदराबादच्या लॅकोन्स या वन्यजीव प्रयोगशाळेला गेला की डीएनए सांगेल ते डुक्कर होतं की चितळ. तिथे कुणाचा पुतण्या विचारत नाहीत. आणि खरं सांगू? नंबर पडला की फोन करणाऱ्या पुढाऱ्याचीही सुटका होते. ‘उशीर झाला रे’ म्हणून तो कार्यकर्त्याला वाटेला लावतो.

आरोपीचा जबाब एसीएफ (सहायक वनसंरक्षक) साहेबांसमोरच घ्यायचा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 50 खाली एसीएफ किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच, आरोपीच्या हजेरीत नोंदवलेला पुरावा कोर्टात टिकतो. हे प्रशिक्षणात शिकवलेलं असतं, पण रात्री दोन वाजता कुणाला आठवत नाही.

संसारचंदचं उदाहरण घे. वाघ-बिबट्यांच्या कातड्यांचा एवढा मोठा व्यापारी, पण सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्याची शिक्षा कायम केली ती 2003 च्या एका जप्तीवरून. राजस्थानात चेतक एक्सप्रेसमध्ये एका प्रवाशाच्या खोक्यात बिबट्याचं कातडं सापडलं होतं, त्यावरून माग संसारचंदपर्यंत पोचला. तो कागद पक्का होता म्हणून पुढचं सगळं उभं राहिलं. राजस्थानातल्याच सरिस्का व्याघ्रप्रकल्पात उलटं झालं. तिथे वाघ संपले तरी कागदावर ते जिवंत राहिले, आणि 2005 मध्ये देशापुढे नाचक्की झाली. म्हणजे खोटा कागदही तितकाच ताकदवान असतो बरं, म्हणून तर तो तुझ्याकडून मागतात!

वर्तमानपत्राकडे जाऊ का, असं विचारतेस. नको. बातमी चार दिवस टिकते, जप्तीनामा वीस वर्षांनीही कोर्टात उभा राहतो.

माझ्या बदल्यांपायी मुलाची शाळा सारखी बदलत राहिली, याची खंत आहे. तो आजही बोलून दाखवतो. ऑफिसात मला आडमुठा म्हणायचे, ‘यांना माणसं सांभाळता येत नाहीत’ म्हणायचे. येत नव्हती, मान्य. पण माझी एकही केस पंच फुटले म्हणून पडली नाही, कारण सही मी जागेवर, बॅटरीच्या उजेडात घ्यायचो. दुसऱ्या दिवशी रेंज ऑफिसात चहा पाजून नाही. माणसं सांभाळणाऱ्यांच्या केसेसचं काय झालं, ते त्यांनाच विचार.

बदली तशीही होईल, त्यासाठी अर्ज कशाला? तो मी फाडून टाकलाय. त्याऐवजी जप्तीनाम्याची प्रत पाठव. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही लिहिलेत का, ते मला बघायचंय.