दीड लाखात जुनी गाडी घेऊन तिच्यात मोठं इंजिन बसवायचं आहे. कोणती गाडी, कोणतं इंजिन?

प्रश्न असा आहे: नागपुरात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दीड लाख जमवलेत, जुनी पद्मिनी किंवा कॉन्टेसा घेऊन तिच्यात जास्त ताकदीचं इंजिन बसवून स्पोर्ट्स कार करायची आहे, काय घ्यावं?

भाऊ, उत्तर आधी देतो आणि कारणं नंतर. प्रीमियर ११८ एनई शोधा आणि तिचं इंजिन बदलू नका. तेच इंजिन उघडून नीट बांधा. मी मेकॅनिकलवाला आहे, हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये काम करतो, माझी स्वतःची ११८ एनई आहे, आणि मित्रांच्या इंजिन बदललेल्या गाड्यांवर हात काळे केले आहेत. त्यामुळे हे नुसतं वाचून सांगत नाही.

११८ एनई का? कारण तुम्हाला जे काम करायचं आहे ते कंपनीनेच १९८५ मध्ये करून दिलेलं आहे. बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन-गिअरबॉक्स निसानचे. फियाट १२४ म्हणजे १९६७ ची युरोपियन कार ऑफ द इयर. रशियाची लाडा हिच्यावरूनच निघाली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. आतलं निसान ए-१२ हे ११७१ सीसीचं इंजिन मूळ डॅटसन १२०० मधलं. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, क्रँकला पाच मेन बेअरिंग, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ७०. बोअरपेक्षा स्ट्रोक कमी, म्हणून ते आरपीएम आनंदाने घेतं. जपानमध्ये याच इंजिनाच्या छोट्या सनी गाड्या वर्षानुवर्षं रेसला धावल्या. आपल्याकडे कंपनीने त्यातून ५२ च हॉर्सपॉवर काढले. चांगल्या हाताला त्यात पुष्कळ वाव आहे, आणि आरसीवर जे लिहिलंय तेच इंजिन गाडीत राहतं.

आता तुमच्या दोन गाड्या. कॉन्टेसा मलाही प्रचंड आवडते. १९८४ ला आली तेव्हा व्हॉक्सहॉल व्हिक्टरची ती लांबलचक बॉडी आणि तिला ओढायला १४८९ सीसीचं जुनं बीएमसी इंजिन, ताकद ५० च्या आसपास. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, ८८ हॉर्सपॉवरचं, तेव्हा कुठे त्या बॉडीला न्याय मिळाला. पण पेट्रोल इसुझूवाली चांगली कॉन्टेसा आज दीड लाखात मिळेल ही आशा सोडा. त्या पैशात मिळते ती बहुतेक डिझेल असते, नाहीतर पत्रा संपलेली.

पद्मिनी मिळेल. १०८९ सीसी, मागच्या चाकांवर चालणारी, सुटे भाग अजूनही मिळतात. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. चाळीसेक हॉर्सपॉवरसाठी बनवलेली ती गाडी आहे. तिच्यात दुप्पट ताकद घालणार असाल तर ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग सगळंच बदलावं लागतं, आणि मग ती पद्मिनी किती उरते? (सॅन स्टॉर्मचं नाव कुणीतरी सुचवेलच. गोव्यात बनलेली, रेनोच्या इंजिनाची दोन सीटर. दिसायला गोड, पण इतक्या थोड्या बनल्या की एक काच फुटली तरी पंचाईत.)

तरीही इंजिन बदलायचंच असेल तर नेमकं काय करावं लागतं ते सविस्तर सांगतो, कारण व्हिडिओमध्ये हा भाग दोन मिनिटांत उरकतात.

जुन्या मागच्या चाकांच्या गाडीसाठी आपल्याकडचं सगळ्यात सोयीचं इंजिन म्हणजे मारुती जिप्सीचं १२९८ सीसी. ते उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने बसतं. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये छोटा शाफ्ट टाकून वेगळा बसवलेला असतो. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने उचलता येतात आणि ट्रान्सफर केस बाजूला ठेवता येतो. इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेणं ही दीड लाखातली पहिली अट समजा. तो सोडून गाडीचाच जुना गिअरबॉक्स ठेवायचा म्हटलं की मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट आली. ती प्लेट लेथवर कुणीही करून देईल, अडचण भोकांच्या मापाची नसते, केंद्राची असते: क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एकाच रेषेत यायला हवेत. क्रँकला डायल गेज बांधून हाताने फिरवा आणि बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तोंडावर सुई किती हलते ते बघा. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या पुढे गेली तर सावध व्हा. डोळ्यांना ही चूक दिसत नाही. गाडी चालते, गिअर थोडे जड पडतात, क्लच दाबला की बारीक किरकिर येते, आणि काही महिन्यांत इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं. मग पुन्हा गिअरबॉक्स खाली.

जिप्सीची जोडी घेतली तरी कामं संपत नाहीत. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगजवळ असतो, जिप्सीचा खालून येतो, म्हणजे मधला पत्रा कापून बोगदा मोठा करायचा. ऑइलचं चेंबर समोरच्या क्रॉसमेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) लागतं का ते बघायचं. जिप्सीच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे तो काढला की मीटर बंद. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कापून नवीन लांबीचा करावा लागतो; वाडीकडे ट्रकची कामं करणारे तो करून बॅलन्सही करून देतात. पण गिअरबॉक्सचं तोंड आणि डिफरेंशियलचं तोंड एकमेकांना समांतर आहेत का, हे तुम्हालाच कोनमापक लावून बघावं लागेल. दोन्ही टोकांचे कोन जुळले नाहीत तर एका विशिष्ट वेगाला सगळी गाडी थरथरते आणि शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस भराभर मरतात. आणि इंजिन २००० नंतरचं, सोळा व्हॉल्व्हचं, ८० हॉर्सपॉवरचं घेतलं तर त्यासोबत पूर्ण वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, टाकीतला हाय प्रेशर पंप आणि पेट्रोलची परतीची लाइन हे सगळं आलं. इंजिन स्वस्तात मिळतं, पैसा जातो तो त्याच्याभोवतीच्या कामात.

समोरच्या चाकांची गाडी चालणार असेल तर झेन सोपी. तिचं ९९३ सीसीचं आणि इस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, त्यामुळे बसायला त्रास कमी. वजनाने हलकी झेन त्या इंजिनावर खरोखर पळते. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण दोन्ही रस्ते कायद्यापाशी अडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मूळ दिलेलं स्पेसिफिकेशन यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्यानंतरच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. खराब इंजिनाच्या जागी त्याच मॉडेलचं इंजिन बसवून, बिल जोडून, आरटीओकडे नवा नंबर नोंदवून घेणं ही वेगळी गोष्ट. पद्मिनीत मारुतीचं इंजिन ही नोंद गिरीपेठच्या आरटीओत काय, कुठेच सरळ होणार नाही. दंडापेक्षा मला विम्याची जास्त काळजी वाटते. वर्धा रोडवर कुणी तुमच्या गाडीसमोर आलं आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडलं, तर आरसीवर नसलेलं इंजिन बघून कंपनी काय भूमिका घेईल? विद्यार्थ्याच्या घराला तो भार झेपत नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी घेऊन व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिथेही गाडी मूळ स्वरूपातच लागते. इंजिन बदललं की तोही दरवाजा बंद.

आता ११८ एनई बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या आधी पत्रा बघा. विदर्भाची हवा कोरडी, म्हणून इथेच आयुष्य गेलेली गाडी मुंबईहून आलेल्या गाडीपेक्षा बरी निघण्याची शक्यता जास्त. खिशात छोटं चुंबक ठेवा, त्याला रुमाल गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. दाराखालच्या पट्टीवरून ते हळूहळू सरकवत न्या. पत्रा असेल तिथे ते हाताला ओढ देतं, पुटी भरलेली असेल तिथे अचानक सैल पडतं. एखाद्या वीतभर जागेत सैल पडलं तर हरकत नाही. पूर्ण पट्टीभर सैल लागलं तर आत पत्राच नाही, नमस्कार करून निघा. मग मॅटिंग उचलून फ्लोअर बघा, डिकीत स्टेपनीची खोलगट जागा बघा, आणि बॉनेट उघडून शॉकअ‍ॅब्सॉर्बर जिथे बॉडीला धरतात ती जागा बघा. इंजिन दुरुस्त होतं. सडलेली बॉडी दीड लाखात दुरुस्त होत नाही.

कागद म्हणजे आरसी विकणाऱ्याच्याच नावाची, जुन्या कर्जाचा बोजा उतरलेला, दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसी, आणि नंबर परिवहनच्या साइटवर दिसणारा. वीस वर्षांवरच्या चारचाकीचं नोंदणी नूतनीकरण २०२५ पासून दहा हजारांचं झालंय, शिवाय पर्यावरण कर आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट. हा खर्च सौद्यातच धरा.

इंजिन थंड असताना बघा, विकणाऱ्याला आधीच सांगा की सुरू करून ठेवू नका. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. असेल तर भाव पाडून घ्या, कारण इंजिन तर तुम्ही उघडणारच आहात.

माझं मत विचाराल तर गाडीवर सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्यातून आधी ब्रेक आणि टायर, मग कूलिंग, आणि शेवटी इंजिन. कूलिंगवर जोर देतोय कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की गॅस्केट टिकत नाही. रेडिएटरची जाळी खोलून साफ करून घ्या, फॅनभोवतीचं कवच गायब असेल तर पत्र्याचं करून बसवा, आणि बोअरवेलचं पाणी अजिबात घालू नका. आपल्या जड पाण्याचा थर ब्लॉकच्या आतल्या वाटांमध्ये बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच.

इंजिनाचं काम साधं आहे, पण मापात हवं. बोअर झिजला असेल तर अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ करून नवे पिस्टन-रिंग. त्याने सीसी फक्त सोळाने वाढतात, हे ओव्हरहॉलच. क्रँक मोजून गरज असेल तरच ग्राइंड करा. हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, इनटेक-एक्झॉस्टच्या वाटांमधले ओतकामाचे उंचवटे घासून गुळगुळीत करणं, हे तुम्ही स्वतः करू शकता. इथेच शिकायला मिळतं, आणि इंजिनाचा स्वभाव बदलतो तोही इथेच. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप आणि कार्बुरेटरमधले वॉशर त्याने फुगतात. ते इथेनॉल चालणारे घ्या, आणि मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाल्यासारखं वाटलं तर मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा करून बघा.

आणि चेसिसमध्ये परकं इंजिन बसवण्याचीच खरी ओढ असेल, तर कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (विद्यार्थी स्वतः रेस कार बांधून स्पर्धेत उतरवतात) जा, नसेल तर उभी करा. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत ही स्पर्धा होते, ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, बऱ्याच टीम केटीएम ३९० या मोटरसायकलचं वापरतात. माउंटिंग, कूलिंग, वायरिंग सगळं तिथे कायद्याच्या धाकाशिवाय करता येतं, आणि कॉलेजचा लेथही वापरता येतो.

एखादी ११८ एनई नजरेत आली तर दाराखालच्या पट्ट्या, फ्लोअर आणि इंजिन बे यांचे फोटो खालून-वरून काढून इथे टाका. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, नागपुरातच असेल तर सोबत बघायला येईन.