‘आला नाही’ असं लिहिण्याआधी

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी बारा वर्षं नर्स आहे. आधी हृदयरोग विभागात होते, गेले सहा महिने अटलांटाजवळच्या एका एचआयव्ही क्लिनिकमध्ये आहे. आमचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत. औषधं उत्तम आहेत, बऱ्याच जणांना ती फुकटही मिळतात, तरी लोक अपॉइंटमेंट चुकवतात, मधेच औषध सोडतात. सहकारी म्हणतात, “यांना स्वतःचीच पर्वा नाही.” मला ते पटत नाही, पण चीड मलाही येते. नेमकं कुठे चुकतंय? मी एकटी काय करू शकते?
— एक नर्स, जॉर्जिया

उत्तर : चीड येते हे तुम्ही लपवलं नाहीत, फार बरं केलंत. मीही याच राज्यात केस मॅनेजर म्हणून, म्हणजे रुग्णांना उपचार, विमा, प्रवास यांची सोय लावून देण्याच्या कामात, वीस वर्षं काढली आहेत आणि त्या चिडीपायी एका माणसाचं नुकसान केलं आहे. म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते.

चाळिशीतला कृष्णवर्णीय माणूस होता. विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत रात्रपाळी करायचा. पाळी सकाळी सातला सुटायची, आमच्याकडची वेळ साडेआठची. ट्रेन, मग बस, मग चालत. आमचा नियम असा होता की पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर त्या दिवशी तपासणी नाही, पुढची तारीख घ्यायची. पुढची तारीख म्हणजे सहा आठवड्यांनी. तीनदा त्याच्या नावापुढे ‘आला नाही’ असं उमटलं आणि चार्टमध्ये मी माझ्या हाताने लिहिलं, ‘उपचार पाळत नाही’. चार महिन्यांनी तो न्यूमोनियाने इमर्जन्सीत दाखल झाला तेव्हा त्याच्या सीडीफोर पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पेशी, अवघ्या ३८ उरल्या होत्या. तो वाचला. दारावरच्या सुरक्षारक्षकाने मला नंतर सांगितलं, “तो तिन्ही वेळा आला होता. पावणेनऊ उलटून गेल्यावर पोचायचा, खिडकीवरून परत पाठवायचे.” आमच्या संगणकात ‘उशिरा आला’ असा रकानाच नव्हता.

तेव्हापासून ‘आला नाही’ हे शब्द मी तपासल्याशिवाय मानत नाही. तुम्हीही मानू नका. पुढच्या आठवड्यात जे येणार नाहीत त्यांच्यातल्या दहा जणांना स्वतः फोन करा. “का आला नाहीत?” असं विचारू नका, त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. “यायला काय आडवं आलं?” असं विचारा. दहा उत्तरांत तुम्हाला तुमचं क्लिनिक दिसेल.

आता ‘पर्वा नाही’ या बोलण्याबद्दल. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १२ टक्के आहेत, पण २०२२ साली झालेल्या सुमारे ३८ हजार नव्या निदानांत त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता. लॅटिनोंचा वाटाही एक तृतीयांशाच्या आसपास. एकूण निदानांपैकी जवळपास निम्मी आपल्या दक्षिणेकडच्या राज्यांत. हे आकडे ऐकले की लोक लगेच वागणुकीकडे बोट दाखवतात. पण समलिंगी पुरुषांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं, की कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांपेक्षा जास्त जोखमीचं वागत नाहीत. फरक आहे तो भोवतालात. ज्या समाजात पुष्कळ जणांना संसर्ग आहे आणि त्यांतल्या अनेकांपर्यंत उपचार पोचलेले नाहीत, तिथे सावधपणे वागणाऱ्यालाही धोका जास्त. म्हणजे तुमचा एक रुग्ण औषधावर टिकला, तर ती त्याच्यापुरती गोष्ट राहत नाही.

आणि उपचार पोचत नाहीत यामागे कायदा आहे, पैसा आहे. ओबामांच्या आरोग्य कायद्याने मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, वाढवायची सोय केली, पण जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांनी ती पूर्णपणे स्वीकारली नाही. आपल्याकडे २०२३ पासून एक अर्धीमुर्धी योजना आहे, तिच्यात महिन्याला ८० तास कामाचा पुरावा लागतो. त्याआधी मूल नसलेल्या गरीब माणसाला मेडिकेड मिळवायचं तर बहुधा अपंगत्व सिद्ध करावं लागायचं. एचआयव्ही असून धडधाकट असलेल्याला औषध हवं ते धडधाकट राहावं म्हणून, आणि विमा मिळणार तो खंगल्यावर! मी हे लोकांना तोंडावर सांगितलं आहे. सांगताना दर वेळी मान खाली गेली आहे.

ही पोकळी भरून काढतो रायन व्हाइट कार्यक्रम, एचआयव्ही असलेल्या गरजूंच्या उपचारांसाठीचा केंद्राचा कार्यक्रम. रायन हा इंडियानातल्या कोकोमो गावचा मुलगा. रक्तस्रावाच्या आजारावरच्या औषधातून त्याला संसर्ग झाला, शाळेने त्याला प्रवेश नाकारला, आणि १९९० च्या एप्रिलमध्ये अठराव्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला. आज या कार्यक्रमात वैद्यकीय उपचार घेणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ जणांचा विषाणू आटोक्यात आहे, आणि त्यांतले बहुतेक गरीब आहेत, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत. ‘पर्वा नाही’ म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना एवढं एकच सांगा. तीच माणसं, तीच गरिबी. सोबतीला केस मॅनेजर दिला, बसचा पास दिला, औषधाची सोय लावली, की ती टिकतात.

तो बसचा पास खरंच मिळतो बरं. रायन व्हाइटच्या पैशातून रुग्णाच्या प्रवासाचा खर्च करता येतो. कित्येक क्लिनिक तो मागत नाहीत, कारण कागदपत्रांचा त्रास नको असतो. तुम्ही मागायला लावा. औषध साहाय्य योजनेचं नूतनीकरणही बघा. पूर्वी दर सहा महिन्यांनी उत्पन्नाचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावाच लागायचा. एक कागद राहिला की महिन्याची औषधं बंद. आम्ही ज्याला ‘औषध सोडलं’ म्हणत होतो ते कितीदा तरी फक्त वीजबिलाची प्रत न मिळाल्याने थांबलेलं औषध होतं. २०२१ मध्ये केंद्राने सहामाहीची सक्ती काढली. तुमच्या क्लिनिकमध्ये जुना फॉर्म सवयीने अजून चालू आहे का, ते पाहा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण अविश्वासाचा मुद्दाही मनात असेलच. त्या हॉटेलातल्या माणसाचे आजोबा अलाबामाच्या मेकन काउंटीतले होते. टस्कीगी त्याच काउंटीत आहे. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने तिथल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर नजर ठेवली. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला होता, तरी यांना दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. तेव्हा “हे औषध कशाचं? माझ्यावर प्रयोग आहे का?” असं कुणी विचारलं, तर चिडू नका. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकूनच पिणार.

पण माझं मत सांगते. टस्कीगीचं नाव आपण सोयीसाठीही घेतो. अविश्वास जुना आहे म्हटलं की आपल्याला काही करायला नको! माझ्या रुग्णांनी मला जे सांगितलं, त्यात बहुतेक वेळा गेल्या मंगळवारची गोष्ट असायची. खिडकीवर मोठ्याने विचारलेलं निदान, दुखतंय म्हटलं तर ‘गोळ्या मागायला आलाय’ अशी नजर, वडिलांच्या वयाच्या माणसाला पहिल्या नावाने मारलेली हाक. हे तुम्ही उद्यापासून बदलू शकता. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

लॅटिनो रुग्णांसाठी दुभाषी फुकट देणं केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि आणीबाणी सोडली तर लहान मुलाला दुभाषी करता येत नाही. मी एका बारा वर्षांच्या मुलीला आईच्या निदानाचं भाषांतर करताना पाहिलं आहे. त्या दिवशी मी गप्प बसले. तुम्ही बसू नका, फोनवरचा दुभाषी मिळेपर्यंत सगळ्यांना थांबवा.

निदान झालं त्याच दिवशी पहिली गोळी द्यायची पद्धत सॅन फ्रान्सिस्कोने रुळवली. तुमच्याकडे ती नसेल तर डॉक्टरांच्या मागे लागा. निदान आणि पहिली गोळी यांच्यातल्या आठवड्यांत माणसं हरवतात. आणि क्लिनिकमध्ये एचआयव्हीसह जगणारा, त्याच वस्तीतला एक तरी माणूस पगारावर हवा, स्वयंसेवक म्हणून नको. रुग्णाचं बोट धरून त्याला व्यवस्थेतून पार नेणारा माणूस, ही कल्पना न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी राबवली. एचआयव्हीत ती तितकीच चालते.

शेवटचं. विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. तरी माझ्याकडे आठ-आठ वर्षं औषध घेणाऱ्या बायका आल्या, ज्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक रुग्णाला सांगा, रिपोर्टवरचा आकडा दाखवून सांगा. एकीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला होता, नवऱ्याला दाखवायला.

प्रश्न : ह्यूस्टनला माझ्या ऑफिसातला एक कृष्णवर्णीय सहकारी त्याच्या चर्चमध्ये एचआयव्ही चाचणी शिबिर घेतो आहे. मला मदतीला बोलावलंय. चर्चमध्ये अशा विषयाला कोण येणार, असं वाटतं. आणि मी परका माणूस, जाऊ का?
— एक इंजिनिअर, टेक्सास

उत्तर : जरूर जा. खुर्च्या लावा, पाणी द्या, नावं लिहायच्या टेबलापासून लांब राहा.

चर्चमध्ये लोक येतात. हार्लेममध्ये पर्नेसा सील यांनी १९८९ मध्ये चर्च-मशिदींना एकत्र आणून एड्सच्या रुग्णांसाठी प्रार्थनेचा आठवडा सुरू केला, तो पुढे देशभर पसरला. साउथ कॅरोलिनात कोलंबिया शहरात डायॅना डायॅना नावाच्या केशरचनाकार बाईंनी ऐंशीच्या दशकात आपल्या सलूनमध्येच बायकांना कंडोम आणि माहिती द्यायला सुरुवात केली. जिथे माणूस आधीच विश्वासाने डोकं टेकतो, तिथे अवघड गोष्ट बोलता येते.

सहकाऱ्याला एकच विचारा : ज्याची चाचणी पॉझिटिव्ह येईल त्याला सोमवारी सकाळी कोण, कुठे घेऊन जाणार? क्लिनिक आणि तिथल्या माणसाचा फोन आधीच ठरलेला हवा. तो नसेल तर शिबिर पंधरा दिवस पुढे ढकला. मेडिकेड न वाढवलेल्या राज्यात नुसतं निदान हातात देऊन माणसाला घरी पाठवणं मला क्रूर वाटतं.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, न्यू जर्सीत वाढलेला मराठी मुलगा. मला पुरुष आवडतात. घरी माहीत नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, प्रेप, सुरू करायचं आहे, पण आमचे फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र आहेत आणि माझा विमा बाबांच्याच पॉलिसीत आहे.
— नाव नको

उत्तर : बाळा, तू लिहिलंस याचा मला फार आनंद झाला. आपल्या आशियाई लोकांत चाचणीचं प्रमाण कमी आहे, कारण डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. ‘हा आपल्यातला आजार नाही’ ही समजूत आपल्याच मुलांच्या मुळावर येते.

फॅमिली डॉक्टरांकडे जाऊ नकोस. शहरातल्या लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये किंवा ऑनलाइन डॉक्टरकडून प्रेप मिळतं. आधी एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी होईल, गोळ्या घेतल्या तर दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. दोन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे, आणि जून २०२५ मध्ये सहा महिन्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनलाही मंजुरी मिळाली. घरात गोळ्यांची बाटली लपवायची नसेल तर त्याबद्दल विचार. बहुतेक खासगी विम्यांना प्रेप आणि त्यासोबतच्या तपासण्या रुग्णाकडून पैसे न घेता द्याव्या लागतात.

खरी अडचण कागदाची आहे. विमा कंपनी प्रत्येक भेटीचा तपशील पॉलिसीधारकाला, म्हणजे तुझ्या बाबांना पाठवते. म्हणून पहिल्या भेटीच्या *आधी* कंपनीला फोन कर आणि ‘गोपनीय पत्रव्यवहार’ हवा असल्याची लेखी विनंती कर. माहिती उघड झाली तर मला धोका आहे, असं त्यात स्पष्ट लिही. तुझी सगळी पत्रं वेगळ्या पत्त्यावर किंवा ईमेलवर यायला हवीत. ऑनलाइन खात्यात बाबांना काय दिसतं तेही विचार. कंपनीकडून होकार लेखी येईपर्यंत विमा वापरू नकोस. तोवर सार्वजनिक क्लिनिकमध्ये फुकट किंवा उत्पन्नानुसार कमी पैशांत चाचणी करून घे. फोनवर काय बोलायचं ते सुचत नसेल तर मला पुन्हा लिही, मी वाक्यं लिहून देईन.