काटा मारायचा नाही, मग टिकायचं कसं?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला आहे. वजनात काटा मारायला नको म्हटलं की सगळे "आला बघा पाद्री" म्हणून टिंगल करतात. किती सोसायचं?

उत्तर : दादा, टिंगलीचं सोडा हो, काट्याचं सोडू नका. बायबलमधल्या नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं सरळ लिहिलंय, म्हणजे पवित्रपण रविवारी चर्चमधेच नाही तर पोतं काट्यावर चढतं तिथंपण लागतं. मालकाला एकट्यात सांगा, चारचौघात लाज काढू नका. आणि टिंगल करणाऱ्याचं पोरगं मिरजेला अ‍ॅडमिट झालं तर डबा घेऊन तुम्हीच जा, बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल असंच वागायला सांगतो (जड जातं, खरंय). तरी मालक ऐकेना तर दुसरी अडत बघा, त्यात कमीपणा कसला?