जाळीच्या आत काय आहे, ते आधी पाहा

प्रश्न : कार्ब्युरेटरची जुनी गाडी आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी बॉनेटखाली पेट्रोलचा वास कोंडलेला असतो, पण ओल कुठेच सापडत नाही. सगळे रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे बसवले तर वास जाईल का?

उत्तर : नुसती जाळी बघून पाइप घेतलात तर बहुधा जाणार नाही. पाइप फुगू नये आणि बाहेरून घासला जाऊ नये, एवढेच जाळीचे काम. पेट्रोल अडवतो तो आतला थर. तो साध्या नायट्राइल रबराचा असेल तर त्यातून वाफ झिरपत राहते. ओल दिसत नाही, वास मात्र येतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने जुने रबर फुगते, मऊ पडते. पुढे गाडी महिनाभर उभी राहिली की तेच रबर सुकून ताठर होते आणि वळणावर चिरते.

‘जाळीचा पाइप’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिला कापडी विणीचा. जुन्या गाड्यांत तो मूळचाच असतो. त्याची अडचण अशी की विणीखालच्या भेगा दिसत नाहीत आणि गळलेले पेट्रोल विणीतून सरकत भलत्याच जागी ठिबकते. दुसरा, रबरी पाइपावर स्टीलची जाळी. दिसायला दणकट, पण दोष पहिल्याचेच, वर जाळी शेजारच्या वायरी आणि नळ्या कानशीप्रमाणे घासत राहते. तिसरा, स्टीलच्या जाळीत टेफ्लॉनची नळी. यात वास जवळपास थांबतो. मात्र आतली नळी काळी, कार्बन मिसळलेली घ्या. साध्या पांढऱ्या टेफ्लॉनमध्ये वाहत्या पेट्रोलाने स्थिर वीज साठते आणि तिच्या ठिणगीने नळीला सुईएवढी छिद्रे पडू शकतात.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचा दाब जेमतेम ०.२ ते ०.४ बार असतो. एवढ्यासाठी स्टीलची जाळी म्हणजे निव्वळ हौस. पाइपावर ‘एसएई जे ३० आर ९’ हा इंधन-पाइपाच्या दर्जाचा छाप पाहून घेतलेला, आतून फ्लोरो-रबराचा थर असलेला साधा काळा पाइप वासही कमी करतो आणि तपासायलाही सोपा पडतो. आर ६ किंवा आर ७ छापाचा पाइप दाबाला पुरेल, पण वाफ अडवण्यात तो मागे पडतो. आणि सगळा दोष पाइपावर टाकण्याआधी टाकीच्या झाकणाचे रबर, पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा जाड रबरी तुकडा आणि वाफ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या बघा. पाइप बदलणारे बरेचदा या तीन जागा तशाच सोडतात.

प्रश्न : इंजेक्शनच्या गाडीत स्टीलच्या जाळीचा पाइप बसवला आणि नेहमीची पेचाची क्लिप आवळली. तरी तोंडाशी ओल येते. आणखी आवळू का?

उत्तर : नको. गाडी चालवूही नका. इंजेक्शनमध्ये, म्हणजे इंजेक्टर पेट्रोल फवारतात अशा गाडीत, दाब साधारण ३ ते ४ बार असतो. ती ओल कधीही फवारा होऊ शकते. स्टीलची जाळी दबत नाही, त्यामुळे क्लिपचा जोर रबरापर्यंत पोहोचतच नाही. आवळत गेलात तर तारा तुटून रबरात घुसतील. जाळीच्या पाइपाला त्याच बनावटीचे, दोन भागांचे पेचदार फिटिंगच लागते. टेफ्लॉनच्या पाइपाला तर रबरी पाइपाचे फिटिंगही चालत नाही. त्यात नळी आणि जाळी यांच्यामध्ये बसणारे छोटे पितळी कडे असते. ते विसरले की दाब येताच पाइप फिटिंगमधून निसटतो.

मापातही फसगत होते. फिटिंगवरचे ‘एएन ६’ हे माप म्हणजे ६ मिमी नव्हे. तो आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा, म्हणजे ९.५ मिमी बाहेरच्या व्यासाच्या धातूच्या नळीशी जुळणारा. शिवाय एएन फिटिंगचे तोंड ३७ अंशांचे असते आणि गाड्यांत ४५ अंशांची फिटिंगेही सापडतात. काही मापांत दोन्ही एकमेकांत फिरतील, पण बैठक, म्हणजे तोंडे एकमेकांवर टेकतात ती जागा, जुळणार नाही आणि गळती थांबणार नाही. त्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. इथे गळती बैठक रोखते, आटे नव्हेत. टेपचे तुकडे मात्र इंजेक्टरपर्यंत जातात.

प्रश्न : हे काम घरी करायचे तर क्रम कसा ठेवावा?

उत्तर : गाडी उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड, आणि टाकीत पेट्रोल शक्य तितके कमी. गाडीखाली उतरून काम करण्याच्या खड्ड्यावर उभी करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साठते. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, तापणारा दिवा अजिबात नको.

टाकीचे झाकण उघडून वाफ सोडा. इंजेक्शनची गाडी असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा. ते आपोआप बंद पडले की दोन-तीन सेकंद आणखी स्टार्टर फिरवा. मग बॅटरीची ऋण तार काढा. एवढे करूनही पहिला जोड जाड फडक्यात गुंडाळूनच सोडा.

जुना पाइप ओढून काढू नका, धातूची नळी वाकते. तो फेकायचाच असल्यामुळे लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरून सोलावा. नळीवर ओरखडा मात्र पडू देऊ नका. नळीचे टोक गंजाने खडबडीत असेल तर नवा पाइपही तिथूनच गळेल.

नवा पाइप कापताना साधा रबरी असेल तर धारदार ब्लेडने एका फटक्यात, काटकोनात. स्टीलची जाळी असेल तर कापायच्या जागी टेप चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा आणि बारीक दात्याच्या करवतीने टेपमधूनच कापा, नाहीतर तारा झाडूसारख्या पसरतात आणि बोटात घुसतात. कापल्यावर आतून हवेचा झोत मारा. ही पायरी गाळली तर धातूचा कीस इंजेक्टरच्या गाळणीत अडकतो, आणि मग पाइप सोडून सगळ्यांवर संशय घेतला जातो.

साधा पाइप नळीवर किमान २५ मिमी सरकवा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे, पाइपाच्या टोकापासून ३ ते ५ मिमी आत. भोके असलेल्या पट्टीची क्लिप रबर कापते; दुमडलेल्या कडांची, पूर्ण गोल दाबणारी क्लिप घ्या. ६ मिमीच्या नळीवर ८ मिमीचा पाइप चढवून क्लिपने जुळवून घेणे हा जुगाड टाळा, रबराला चुणी पडते आणि तीच गळतीची वाट होते.

मार्ग ठरवताना एक्झॉस्टपासून किमान १०० मिमी अंतर ठेवा. इंजिन आपल्या रबरी पायांवर हलते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या तुकड्यात २०-२५ मिमी ढिलाई हवी. टेफ्लॉनचा पाइप जोराने वाकवला की आतून चेपतो आणि चेपलेला पुन्हा सरळ होत नाही. तो फेकावाच लागतो.

शेवटी चावी चालू-बंद करून पंप तीन-चार वेळा फिरू द्या आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू कागद फिरवा. इंजिन तापल्यावर पुन्हा, दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा. थंडीत आकसलेला जोड गरम असताना काहीच दाखवत नाही.

प्रश्न : पाइप बदलल्यापासून कार्ब्युरेटर मधूनच भरून वाहतो. जुन्या पाइपांना हे होत नव्हते.

उत्तर : जुन्या रबराचे काळे कण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची आवक बंद करणाऱ्या सुईच्या बैठकीत अडकलेले असणार. फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) उघडून धुवा, फिल्टर बदला आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर तो पुन्हा बदला.

प्रश्न : डिझेल गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्याशिवाय उठत नाही. गळती कुठेच नाही, मग पाइप बदलायचे का?

उत्तर : टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत ओढ असते. तिथल्या भेगेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, म्हणून ओल दिसत नाही. पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावून बुडबुडे दिसतात का पाहा. इंजेक्टरांवरचा बारीक कापडी विणीचा परतीचा पाइपही तपासा. तो स्वस्त असतो, हाताने वाकवून पाहिल्यावर तडकला तर सगळे तुकडे एकदम बदला.

प्रश्न : टाकीच्या आत पंपाला जोडलेला छोटा पाइप आर ९ चा चालेल?

उत्तर : नाही. तिथे पाइप बाहेरूनही सतत पेट्रोलात बुडालेला असतो आणि आर ९ चा बाहेरचा थर त्यासाठी बनवलेला नसतो. आर १० छापाचाच घ्या.