वाचायला लागलीस ना, मग एवढं कर

पोरी, पहिलं काम म्हणजे गावच्या, नाहीतर शेजारच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद हो. शासनमान्य वाचनालयांचे अ ते ड असे वर्ग असतात. खेड्यातलं बहुधा ‘ड’ वर्गाचं, कपाटं दोन-चार. हिरमुसू नकोस. कपाट उघडून मागायला लाजू नकोस, आणि आपल्याच भागातल्या लेखकांची पुस्तकं आधी चाळ. वावर, वेचणी, सासूचं बोलणं, सगळं आपल्या वऱ्हाडीत छापलेलं दिसेल. आपल्या घरातली भाषा पुस्तकात चालते हे कळलं, की घरात आपलं म्हणणं मांडायचाही धीर येतो. मी हे कितीतरी मुलींमध्ये पाहिलंय.

नवखे इथे चुकतात:
- जाडजूड, नावाजलेल्या कादंबरीला हात घालतात. तू एका बैठकीत संपणारी कथा घे.
- आवडलं नाही तरी रेटत बसतात. खुशाल परत कर.

एकटी मात्र वाचू नकोस. तिघीजणी पुरेत. जेवणं आटोपली की ओसरीवर बसा, एकीनं दोन पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी मध्येच अडवून वाद घालायचा. ‘मला नाही पटलं’ हे तिथं बिनधास्त म्हणता येतं, आणि ते म्हणायची सवय फार मोलाची आहे. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे. तालुक्याला शाखा असेल तर एखाद्या कार्यक्रमाला तिघी मिळून जा.

समीक्षा, स्वतःचं लिखाण नंतर बघू. या आठवड्यात फक्त सभासद हो.