खेळण्यातला मेटल डिटेक्टर झाला, आता पुढचा कुठला घ्यावा?

तुम्ही विचारलंय की लेस्टरला येऊन वर्ष होतंय, नऊ वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला खेळण्यातला डिटेक्टर आणला, आणि आता तिच्याबरोबर सहा वर्षांचा धाकटा आणि तुम्ही दोघंही त्यात अडकलात, तर खरं मशीन कुठलं घ्यावं, एक की दोन, आणि पाचशे पाउंड घालावेत का. आम्ही सफोकमध्ये राहतो, नवरा, मी आणि दोन मुलं, सात वर्षं दर रविवारी हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाचशे पाउंड आत्ता घालू नका. आधी एक शेत मिळवा, मग पिनपॉइंटर (खड्ड्यात नाणं शोधायची हातातली कांडी) घ्या आणि मग मशीनचं बघा. आम्ही हे बरोबर उलट्या क्रमाने केलं आणि पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं. महागाचं मशीन घरी येऊन पडलं होतं पण ते फिरवायला जागाच नव्हती. इथे प्रत्येक जमिनीला मालक आहे, पायवाट सगळ्यांना चालायला खुली असली तरी तिच्याखालची माती मालकाची, आणि कौन्सिलच्या बागांत बहुतेक ठिकाणी मनाई असते. संरक्षित स्मारकाच्या जागेवर नुसतं मशीन चालू करणं हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, खणलं नाहीत तरी. त्यामुळे नकाशावर कुठला भाग संरक्षित आहे ते आधी बघायचं, ती यादी ऑनलाइन फुकट बघता येते.

शेत मिळवायचं म्हणजे शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारायचं, आम्हाला तरी दुसरा उपाय सापडला नाही. मला फार संकोच वाटायचा, आपण दिसायला वेगळे, इंग्रजी बोलायची आपली ढब वेगळी, आणि अनोळखी माणसाच्या अंगणात जाऊन तुमची जमीन खणू का असं विचारायचं. सात ठिकाणी नकार मिळाला, दोन ठिकाणी तर कुत्रंच पुढे आलं. आठव्या घरी मुलांना बरोबर नेलं, मुलीने स्वतः लिहिलेलं पत्र दिलं, त्यात आमचं नाव-पत्ता, आमचा विमा आहे हे, आणि सापडेल ते सगळं तुम्हाला दाखवू असं लिहिलं होतं. आजोबांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले गव्हाची कापणी झाली की या. उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, मौल्यवान काही निघालं तर निम्मं-निम्मं, एवढ्याच अटी, आणि त्या आम्ही कागदावर लिहून सह्या केल्या. तुम्हीही लेखी करून घ्या, ओळख कितीही चांगली झाली तरी. आता दिवाळीला त्यांच्याकडे चकलीचा डबा जातो आणि त्यांच्याकडून आम्हाला बटाटे येतात. विम्याचं म्हणाल तर नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलं की तो त्यातच येतो.

आता मशीनचं. कॉइल, म्हणजे मशीनच्या खालच्या टोकाची तबकडी, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, खाली धातू असला की त्यात वीज फिरते आणि त्याचं उलटं क्षेत्र कॉइलला जाणवतं, ते किती उशिरा आणि कसं येतंय त्यावरून मशीन एक आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा खाली आणि आवाज घोगरा, तांबं-चांदीची जाड नाणी वर आणि आवाज खणखणीत. पण गंमत मधल्या आकड्यांत आहे. ॲल्युमिनियमची फॉइल, कॅनचं झाकण, लहान सोन्याची अंगठी आणि मध्ययुगातली पातळ चांदीची नाणी हे सगळं साधारण तिथेच येतं. म्हणजे कचरा नको म्हणून तुम्ही तो पट्टा बंद केलात तर अंगठीही बंद केलीत. कितीही महाग मशीन असलं तरी हे पूर्ण सुटत नाही.

हे मला माझ्या मुलीने शिकवलं. ऑगस्टचा शेवट होता, गहू निघालेला, पायाखाली नुसती धसकटं टोचत होती. माझ्या हातात नवीन मशीन, आणि बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं आणि फॉइलचे कपटे उचलून कंटाळले होते म्हणून मी खालचे-मधले बरेचसे आकडे गप्प करून टाकले होते. लेक तेव्हा आठ वर्षांची, तिच्याकडे साधं मशीन, ते दिसेल त्या धातूला टुंग करायचं. मी ज्या ओळीने चालून गेले होते त्याच ओळीने ती मागून आली आणि म्हणाली आई, इथे आहे काहीतरी. मी परत मशीन फिरवलं तर चकार आवाज नाही. तिने हट्टाने खुरपं घातलं, एक ढेकूळ निघालं, त्यात पिनपॉइंटर धरला की थरथरतोय आणि फोडलं की काहीच नाही, मग पुन्हा त्यातला तुकडा, पुन्हा फोडायचा, असं करत करत शेवटी बोराएवढा मातीचा गोळा हातात राहिला. तो तिने बोटांनी चुरला आणि आत अर्धचंद्र, करडा, नखाएवढा, ब्लेडसारखा पातळ. थुंकी लावून पुसू दिलं नाही मी, नुसता वाळू दिला. मग दिसलं की मधून क्रॉसचा हात गेलाय, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके, आणि सरळ कडेला कात्रीने कापल्यासारखी धार. ती लाँग क्रॉस पेनीची, म्हणजे लांब क्रॉसच्या चांदीच्या नाण्याची, अर्धी फोड होती. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२४७ मध्ये हा क्रॉस काठापर्यंत नेला, आणि त्या काळात सुटे पैसे नसायचे म्हणून लोक पेनीच क्रॉसवरून कापून अर्धी किंवा पाव करायचे. कुणीतरी पावाला किंवा बिअरला म्हणून कापलेले सुटे पैसे, साडेसातशे वर्षांनी माझ्या मुलीच्या तळहातावर. मी अजून ते सांगताना भारावते.

तेव्हा मशीन बदलायच्या आधी आहे ते पूर्ण ऐकायला शिका. काही गप्प करायचं नाही, प्रत्येक आवाज शंभर वेळा खणून बघायचा, मग कान आपोआप तयार होतो.

पहिला खर्च पिनपॉइंटरवर करा असं मी म्हणते ते वरच्या ढेकळामुळेच. हातात मावणारी कांडी असते, खड्ड्यात नाणं नेमकं कुठे आहे ते दाखवते, गॅरेटची केशरी गाजरासारखी सगळीकडे दिसते, शंभर पाउंडाच्या थोडं वर जाते, स्वस्तातल्याही चालतात. लहान मुलांचा धीर खणण्यात सुटत नाही, खणलेल्या मातीत शोधण्यात सुटतो. कांडी आल्यावर माझा धाकटा कंटाळायचा बंद झाला कारण ते काम त्याचं एकट्याचं झालं. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला वेगळं मशीन न देता कांडीच द्या.

मग मशीन, आणि दोन घ्या पण दोन्ही मध्यम. मुलीसाठी वजन सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्यांची मशीनं सव्वा किलोच्या आसपास असतात आणि अर्ध्या तासात तिचा खांदा उतरेल. नोक्ता कंपनीचं मिडी होर्ड खास मुलांसाठी आहे, हलकं आहे, पाण्यात बुडालं तरी चालतं. तुम्हा दोघांत एक, नोक्ताचं सिम्प्लेक्स नाहीतर मिनलॅबचं व्हँक्विश यातलं कुठलंही. सिम्प्लेक्स एका फ्रिक्वेन्सीवर चालतं आणि पूर्ण वॉटरप्रूफ आहे, व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं पण त्याची फक्त कॉइल भिजवता येते, वरचा डबा नाही, आणि आपल्याकडच्या सारखी सर इथे कधीही येते हे तुम्हाला वर्षभरात कळलंच असेल. हेडफोन घ्याच, नाहीतर एकाच शेतात दोन मशीनं कोकलायला लागली की कुणालाच काही कळत नाही.

अपग्रेडचं खरं कारण मला एकच पटतं, ते म्हणजे तुमची जमीन तुमच्या मशीनला जमत नाहीये. उदाहरणार्थ समुद्र. लेस्टरहून तुम्ही उन्हाळ्यात स्केगनेसला जाणारच, सगळं लेस्टर जातं. कोरड्या वाळूत कुठलंही मशीन चालतं, पण ओहोटीला ओल्या वाळूवर गेलात की खारं पाणी स्वतःच वीज वाहतं आणि एका फ्रिक्वेन्सीचं मशीन धातू नसतानाही ओरडत सुटतं, सेन्सिटिव्हिटी इतकी कमी करावी लागते की खोलवरचं काही सापडत नाही. तिथे अनेक फ्रिक्वेन्सीचं, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करायची सोय) नीट असलेलं मशीन लागतं, मिनलॅबचं इक्विनॉक्स किंवा नोक्ताचं लेजंड, तेव्हा ते चार-सहाशे पाउंड कारणी लागतात. दुसरं कारण म्हणजे तुमच्या शेतात जुन्या वाड्याचे खिळेच खिळे आहेत, आणि तिथे पण आधी लहान कॉइल घेऊन बघा, कारण मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन खिळे आणि एक नाणं आलं की खिळेच जिंकतात. आम्ही नवीन मशीन घेणार होतो त्याऐवजी लहान कॉइल घेतली आणि तोच कोपरा पुन्हा बोलायला लागला.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही पण प्रत्यक्ष हातात घेऊन, चालू करून. मी एक ऑनलाइन मागवलं होतं, पंधरा दिवसांत कॉइलच्या वायरीत दोष निघाला, जरा धक्का लागला की खोटा सिग्नल, आणि विकणारा गायब. नामांकित मशीनांच्या नकलाही सर्रास विकल्या जातात, किंमत फारच कमी दिसली तर सोडून द्या.

कायद्याचं मात्र मुलांनाही पाठ करून घ्या. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, सोनं-चांदी किमान दहा टक्के असलेली वस्तू, किंवा एकाच ठिकाणची तशी दोन नाणी निघाली तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, खास ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूही त्यात आल्यात. आमची अर्धी पेनी एकटीच असल्यामुळे ट्रेझर नव्हती, तरी आम्ही ती आमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे नेली, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा माणूस, त्यांनी फोटो काढला, वजन केलं, जागेची नोंद केली आणि नाणं परत दिलं. याला पैसे पडत नाहीत. लपवायचं मनातही आणू नका, २०१५ मध्ये लेमस्टरजवळ व्हायकिंग काळातला साठा दोघांनी लपवून विकला, २०१९ मध्ये दोघांना मोठी शिक्षा झाली, आणि शेकडो नाण्यांतली तोपर्यंत तीसेकच परत मिळाली होती, बराचसा इतिहास गेलाच.

याच्या उलट गोष्ट आमच्या सफोकमधलीच, हॉक्सन गावची, ती मुलांना नक्की सांगा. नोव्हेंबर १९९२, एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, त्याने एरिक लॉज नावाच्या ओळखीच्या माणसाला डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोडा शोधता शोधता चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघायला लागली. लॉज यांनी थोडं काढल्यावर हात थांबवला, कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाच्या लोकांनी येऊन पुरलेला साठा नीट खणून बाहेर काढला. जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी होती, पावणेदोन दशलक्ष पाउंडाचं बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. तो हातोडाही नंतर सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नांगराच्या खोलीच्या खाली काही जातंय असं वाटलं किंवा नाण्यामागून नाणं यायला लागलं तर आमच्याकडे मुलं स्वतःच खुरपं खाली ठेवतात. तुम्हाला तर हॅलटनचा खजिना अगदी जवळ आहे, २००० साली सापडलेला, लोहयुगातली पाच हजारांवर नाणी आणि एक रोमन घोडदळाचं शिरस्त्राण, मार्केट हारबरोच्या म्युझियममध्ये बघायला मिळतं. मशीन घ्यायच्या आधी मुलांना तिथे घेऊन जा.

आणखी एक, सुट्टीला घरी जाताना मशीन बॅगेत टाकू नका. मुलं हट्ट करतील की रायगडावर फिरवू, पण किल्ले संरक्षित आहेत, आणि भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते त्याचे व्हिडिओ बघितले तेव्हा मला रडू आलं. कुठलं नाणं किती खोल, कशाच्या शेजारी होतं हे एकदा गेलं की गेलं. मुलांची हौस भागवायची तर माझ्या सासऱ्यांनी केलं तसं करा, नाशकात गोदावरीवर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी ओढतात ते त्यांनी दोघांना तासभर काठावर बसून दाखवलं. रुपया चिकटतो आणि दहाचं नाणं का चिकटत नाही, यावर परतीच्या विमानात चर्चा चालली होती.

शेत मिळेपर्यंत घरच्या मागच्या बागेत सराव करा, जागा भाड्याची असेल तर मालकाला विचारून. दोन पेन्या, एक पाउंडाचं नाणं, चांदीचं जुनं जोडवं, कॅनचं झाकण आणि एक गंजका खिळा, सगळं वीतभर खोल, एकमेकांपासून दोन पावलांवर पुरा आणि कागदावर नकाशा काढून ठेवा. पेन्या दोन प्रकारच्या पुरा, १९९२ च्या आधीची आणि अलीकडची, आधीची ब्राँझची आणि नंतरची आतून पोलादाची, त्यामुळे दिसायला सारख्या पण आवाज वेगळा. मुलीला नकाशा न दाखवता कुठे काय आहे ते फक्त ऐकून लिहायला सांगा. हिरवळ असेल तर घोड्याच्या नालेसारखं तीन बाजूंनी कापून गवताचा तुकडा बिजागरीसारखा उलटायचा, माती प्लास्टिकवर काढायची, परत तशीच भरून पायाने दाबायची. शेतकऱ्याच्या कुरणात पहिल्या दिवशी तो तुमचा खड्डाच बघायला येणार आहे.