वाचक विचारतात : ‘नॉट’चे अर्थ तरी किती?

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात ‘नॉट’ म्हणजे गाठ. मोबाइलवर हवामान पाहिलं तर वाऱ्यापुढे ‘२२ नॉट’ येतं, आणि मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात आकडा किलोमीटरमध्ये असतो. गाठीचा वेगाशी संबंध काय? आकडे जुळवायचे कसे? – एक वाचक, हर्णै

उत्तर : वेगाचा अर्थ खऱ्याखुऱ्या गाठींवरूनच आला आहे. शिडाच्या जहाजांवर पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी दोरीला बांधून मागे पाण्यात सोडत. फळीच्या गोल कडेला शिसं ठोकलेलं असे, त्यामुळे ती पाण्यात उभी राहून अडून बसे. जहाज पुढे जाई तशी रिळावरची दोरी सुटत जाई. दोरीला दर १४.४ मीटरवर एकेक गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईतो जितक्या गाठी हातातून गेल्या, तितके नॉट वेग. माप असं बेतलेलं होतं की एक गाठ म्हणजे तासाला एक सागरी मैल. सागरी मैल १८५२ मीटरचा, म्हणून एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ‘ताशी’ त्या शब्दातच आहे. ‘ताशी २२ नॉट’ असं म्हणू नये.

तोंडी हिशेब सोपा आहे. आकडा दुप्पट करा, त्यातून दहावा हिस्सा वजा करा. २२चे ४४, त्यातून चार गेले, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. वाऱ्यासाठी तर नुसती दुप्पट धरा. थोडा जास्त धरलेला वारा कुणाचं नुकसान करत नाही. घात होतो तो उलट चुकीने. ‘४० नॉट’ वाचून कुणी ४० किलोमीटर समजला, तर प्रत्यक्षात वारा ७४चा असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे होडीवर येणारा जोर अंदाजापेक्षा जवळजवळ साडेतीन पट. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ३४ नॉटपासून, म्हणजे ६२ किलोमीटरपासून, चक्रीवादळ सुरू होतं आणि ४८ नॉटपासून तीव्र चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेलं ‘निसर्ग’ या दुसऱ्या वर्गातलं होतं. तेव्हा आकड्याआधी एकक वाचायचं, ही सवय तांडेलापासून नव्या खलाशापर्यंत प्रत्येकाला हवीच.

जीपीएसच्या सेटिंगमध्येही वेग नॉटमध्ये आणि अंतर सागरी मैलात ठेवा. बंदर २८ सागरी मैल दूर आणि लाँच ७ नॉटने चालली, तर चार तास. एक नॉटमध्ये आणि दुसरं किलोमीटरमध्ये ठेवलं की हा भागाकार फसतो.

प्रश्न : दोरकामाच्या इंग्रजी पुस्तिकेत नॉट, बेंड, हिच असे तीन शब्द आहेत. मराठीत तिन्ही गाठीच ना? – एक वाचक, मालवण

उत्तर : बोलताना हो, काम मात्र वेगळं. दोन दोर एकमेकांना जोडतो तो बेंड. खुंटाला, कडीला, वाशाला दोर बांधतो तो हिच. एरवी बेंड म्हणजे वळण आणि हिच म्हणजे अडचण, पण दोरकामात ते अर्थ लावू नका. नॉट हा शब्द या सगळ्यांसाठी चालतो. काटेकोरपणे बोलायचं तर दोराच्या स्वतःतच मारलेली गाठ.

जाळ्याच्या आसाची, म्हणजे एकेका घराची, गाठ रचनेने ‘शीट बेंड’च असते. तीच गाठ जाडाला बारीक दोर जोडायला वापरा. जाड दोराचं टोक दुमडा. बारीक दोर त्या दुमडीतून खालून वर काढा, दोन्ही पदरांच्या मागून फिरवून आणा आणि स्वतःच्याच पदराखाली खोचा. दोन्ही मोकळी टोकं एकाच बाजूला आली पाहिजेत. उलटसुलट आली तर पकड कमी होते. नायलॉन गुळगुळीत, म्हणून मागचा वेढा दोनदा घ्या. शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरणारं टोक, जाडीच्या दहा-बारा पट सोडा. १२ मिलिमीटरच्या दोराला १२ ते १५ सेंटिमीटर. ताण गेला की ही गाठ सैलावते, हा तिचा दोष लक्षात असू द्या.

खुंटावरची ‘क्लोव्ह हिच’, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, होडी हेलकावे खाऊ लागली की सरकते. तिच्यावर दोन अर्धे वेढे चढवल्याशिवाय होडी सोडून जाऊ नये. आणि कुठल्याही गाठीपाशी दोराची ताकद घटते, हे नांगराचा दोर निवडताना धरून चाला.

प्रश्न : लाकडाच्या दरपत्रकात ‘साउंड नॉट’ लिहिलंय. गाठीला आवाज? – एक वाचक, देवगड

उत्तर : इथे साउंड म्हणजे धड, पक्की. फांदीचं मूळ खोडात राहतं, त्याची लाकडात गाठ दिसते. फांदी जिवंत असताना खोड वाढलं तर तंतू जोडलेले राहतात आणि गाठ घट्ट बसते. वाळक्या फांदीभोवती खोड वाढलं तर मध्ये साल अडकते. लाकूड सुकलं की अशी गाठ निसटून भोक पडतं. गाठीभोवती सालीचं काळं कडं दिसतं का पाहा, चाकूचं टोक कडेत जातं का तेही बघा. जात असेल तर ती फळी होडीच्या पाण्याखालच्या अंगाला घेऊ नका. तुळईत मधोमध खालच्या कडेला गाठ नको, ताण तिथेच पडतो.

प्रश्न : हिवाळ्यात खाडीवर काढलेल्या फोटोवर जाणकारांनी ‘ग्रेट नॉट’ लिहिलं. ही कसली गाठ? – एक वाचक, आंजर्ले

उत्तर : तो पक्षी आहे, तुतारी (सँडपायपर) पक्ष्याच्या कुळातला. सैबेरियाच्या ईशान्य भागात वीण करतो, थंडीत दक्षिणेला उतरतो आणि ओहोटीच्या चिखलात चोच खुपसून शिंपले खातो. जगात तो ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा फोटो तारीख आणि ठिकाणासह पक्षिनोंदींत जरूर द्या.